काशीदच्या किनाऱ्यावर पाईन नाही, सुरू आहे

काशीद, दिवेआगर, आक्षी-नागाव. दर हिवाळ्यात या किनाऱ्यांचे फोटो येतात आणि खाली कुणीतरी लिहितंच, 'कोकणातलं पाईन फॉरेस्ट'. परवा तर रस्त्यालगतच्या एका पाटीवरही हेच रंगवलेलं पाहिलं. ते सुरूचं बन आहे हो! सुरू म्हणजे पाईन नाही, आणि सूचिपर्णी, म्हणजे शंकुधारी वृक्षांत तर तो मुळीच मोडत नाही.

सुरू तुम्ही ओळखताच, त्याच्या घोंगावणाऱ्या आवाजासकट. एकोणिसाव्या शतकात, १८६८च्या सुमारास, कारवारच्या बाजूला उडती वाळू धरून ठेवायला तो लावला गेला आणि पुढे किनाऱ्या-किनाऱ्यानं पसरला. एवढं पुरे.

सगळा घोळ त्या 'सुई'पाशी आहे. सुरूची एक हिरवी सुई घ्या आणि दोन्ही टोकं चिमटीत धरून हळूच ओढा. टप्प करून ती पेरात सुटते. अजून ओढा, पुढच्या पेरात सुटेल. उसासारखी पेरंच पेरं, प्रत्येक सेंटिमीटरपेक्षा लहान. लहानपणी आम्ही सुटलेलं पेर पुन्हा बसवून 'कुठे तुटलंय, ओळख' असं खेळायचो. आता त्या सुटलेल्या टोकाला भिंग लावा. पेराच्या कडेनं सहा ते आठ बारीक, टोकदार दात दिसतील, मुकुटासारखे गोल मांडलेले. ते दात म्हणजे सुरूची पानं. आपण जिला सुई म्हणतो ती डहाळी आहे. पानं एवढीशी उरल्यामुळे उन्हात अन्न शिजवायचं काम ती हिरवी डहाळीच करते.

आता उत्तराखंड-हिमाचलच्या उतारांवरचा चीड घ्या, तो खरा पाईन. त्याच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात येतात, बुडाशी पातळ पापुद्र्याचं वेष्टण, लांबी वीतभर किंवा थोडी जास्तच. जरा वर गेलं की कैल भेटतो, तोही पाईनच, त्याच्या जुडग्यात पाच. यातली कुठलीही सुई ओढून पाहा, पेरात सुटणार नाही, कारण तिला पेरंच नाहीत. ती अख्खी सुई म्हणजे एक पान. चुरगळली की राळेचा वास येतो. चिडाच्या खोडातून जो लिसा, म्हणजे चिकट राळ, काढतात, ज्याचं टर्पेंटाइन होतं, त्याच घराण्यातला हा वास. सुरू चुरगळून तो कधीच येणार नाही.

यावर हमखास प्रश्न येतो, 'पण सुरूला शंकू असतात ना?' बोराएवढी ती काटेरी बोंडं शंकूसारखी दिसतात खरी. पण सुरूला फुलं येतात. मादी फुलांचे लालसर गोंडे फांदीवर बसतात, त्यांचीच ती बोंडं होतात. बोंड वाळलं की त्याच्या चोची उघडतात आणि प्रत्येक चोचीतून पंख असलेलं एकेक बारीक फळ सुटतं. बी त्या फळाच्या आत. चिडाच्या शंकूत मात्र दर खवल्यावर दोन बिया उघड्याच पडलेल्या असतात, भोवती फळ नाहीच. म्हणून तो अनावृतबीजी. कुमाऊंच्या ज्या उतारावर चीड आणि बांज शेजारी उभे असतात, तिथला सुरूचा खरा नातेवाईक बांज, म्हणजे तिथला ओक, आहे, चीड नव्हे.

सुईवरून झाड ठरवायचंच नाही, हे पटवायला माझं आवडतं झाड नागेइया. दक्षिण भारताच्या डोंगरांत मूळचा असा हा एकच शंकुधारी वृक्ष, निलगिरीच्या बाजूला सापडणारा, आणि त्याची पानं चांगली रुंद!

नावानंही गोंधळात भर घातली आहे. फारसीतला 'सर्व' म्हणजे सायप्रस, जो खराखुरा शंकुधारी. तेच नाव आपल्याकडे सरू-सुरू होऊन या झाडाला चिकटलं. जुन्या पुस्तकांत याला खडशेरणी म्हटलं आहे, पण कोकणात जे नाव तोंडात आहे ते बदलू नये असं मला वाटतं. 'पाईन' तेवढं थांबवा.

सुरू आणि पाईन एकच समजलं की निगाही चुकते. सुरूला खारं वारं, रेताड जमीन आणि भरपूर ऊन चालतं, कुंपणासाठी छाटलेलाही चालतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात, म्हणून हलक्या वाळूतही तो तगतो. चिडाला मुळांशी बुरशीची सोबत लागते. रोपं नव्या जागी लावताना जुन्या चिडाखालची मूठभर माती टाकतात ती त्यासाठीच.

अंगणात खरा शंकुधारी हवाच असेल तर मोरपंखी लावा, आपल्याकडे ती बिनतक्रार वाढते. किंवा नर्सरीत 'क्रिसमस ट्री' म्हणून मिळणारा अरोकेरिया घ्या. मात्र त्याचा शेंडा खुडू नका. सुरूच्या सवयीनं लोक शेंडा मारतात आणि मजल्या-मजल्यांचा तो सुंदर आकार कायमचा जातो. कुंडीच्या तळाची भोकंही बघून घ्या, साचलेल्या पाण्यात त्याची मुळं कुजतात.