हुकूमनामा मिळाला, मालमत्ता कुठे आहे? : पार्श्वभूमी

नागपुरातल्या इतवारी किंवा कळमना बाजारातला व्यापारी उधारीचा दावा जिंकतो आणि लगेच पुन्हा वकिलाकडे येतो. हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा न्यायालयाचा निर्णय, हाती असतो, पैसा नसतो. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत जप्तीसाठी मालमत्ता दाखवायची ती दरखास्तदारानेच, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त (अर्ज) करणाऱ्यानेच. बेलीफ, म्हणजे न्यायालयाचा जप्ती कर्मचारी, वॉरंट घेऊन पोचतो, तेव्हा दारातल्या गाडीची आरसी पुतण्याच्या नावावर निघते आणि घर बायकोच्या. स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, कारागिराची अवजारे यांना हात लावता येत नाही, आणि ते रास्तच आहे.

मंदीच्या काळात कायद्याचा कल कर्जदाराला सावरण्याकडे होता. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात १९३३ साली कर्ज समझोत्याचा कायदा आला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १९३६च्या दुरुस्तीने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी होणाऱ्या अटकेवर अटी घातल्या.

खरा वाद १९८०च्या निकालाचा. एका बँकेच्या वसुलीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नुसते पैसे थकले म्हणून तुरुंग नाही. ऋणकोची ऐपत आणि अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. आधार घेतला तो जीवितस्वातंत्र्याच्या अनुच्छेद २१चा आणि आंतरराष्ट्रीय कराराचा. गरिबाला कोठडी नको, यावर दुमत नसावे. पण ऐपत सिद्ध कोणी करायची? धनकोने. आणि तिची माहिती कोणाकडे? ऋणकोकडे! हा पेच त्या निकालाने सुटला नाही, उलट दरखास्तदाराच्या गळ्यात घट्ट बसला.

त्यावरचा इलाज मात्र १९७६च्या दुरुस्तीपासूनच संहितेत होता. आदेश २१, नियम ४१. रक्कम ३० दिवस थकली, तर अर्जावरून न्यायालय ऋणकोकडून मालमत्तेचे शपथपत्र मागवू शकते. ठरलेल्या नमुन्यात बँक खाती, शेअर, विम्याच्या पॉलिसी, घर, इतरांकडून येणे, सगळे लिहायचे. आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. ‘मागवू शकते’ या शब्दांमुळे सगळे न्यायाधीशाच्या मर्जीवर राहिले, हे माझ्या मते मोठे नुकसान.

२०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी मागे जाऊन सांगितले की, पैशाच्या दाव्यात मुद्दे काढण्याआधीच (वादाचे प्रश्न ठरवण्याआधीच) प्रतिवादीकडून मालमत्तेचा तपशील शपथेवर घेता येईल, आणि दरखास्त सहा महिन्यांत निकाली निघावी. २०२५मध्ये देशभरातून आकडे मागवले, तेव्हा ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित निघाल्या. सर्वाधिक महाराष्ट्रात. तरीही नियम ४१चा अर्ज बहुधा बेलीफ रिकाम्या हाताने परतल्यावरच दाखल होतो.