थाळनेरच्या कबरी आणि फारुकींचा बदलत गेलेला मुक्काम

थाळनेर म्हटलं की आपल्याकडे आधी लतादीदींचं आजोळ आठवतं. ते बरोबरच आहे, पण शिरपूर तालुक्यातल्या या तापीकाठच्या गावात खान्देशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांचं घरचं कबरस्तान आहे हे धुळ्या-जळगावच्या लोकांनाही विचारल्याशिवाय आठवत नाही. बुऱ्हाणपूरला गाड्या भरून जातात, थाळनेरकडे वळणारे थोडेच. खरं तर या घराण्याने आपली माणसं कुठे पुरली एवढं जरी बघितलं तरी राज्य कसं सरकत गेलं ते कळतं.

सुरुवात मलिक राजापासून. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने 1370 मध्ये त्याला थाळनेर-करवंदची जहागीर दिली, 1382 पासून तो दिल्लीला विचारेनासा झाला आणि 1399 मध्ये वारला, कबर थाळनेरलाच. माळव्याच्या दिलावरखान घोरीशी त्याने चक्क साटंलोटं केलं होतं, आपली मुलगी त्यांच्याकडे दिली आणि त्यांची मुलगी आपल्या मुलाला, नासिरला करून घेतली. थाळनेरचे हे घुमट बघताना माळव्यातल्या मांडूची आठवण का येते ते इथे कळतं.

पण मरताना बापाने वाटणी केली आणि तिथेच भांडण लागलं. थोरल्या नासिरखानाला लळिंग (हो, धुळ्याजवळचा हायवेवरचा तोच किल्ला) आणि धाकट्या इफ्तिखारला थाळनेर. नासिरने मग आसिरगड घेतला, त्याची गोष्ट सगळीकडे सांगतात की गडाचा मालक आसा अहिराला म्हणाला माझ्या बायकामुलांना गडावर आसरा दे, आणि डोल्यांमधून सैनिक आत घातले. फरिश्ता या जुन्या फारसी इतिहासकाराने लिहिलंय, तिखटमीठ किती ते ज्याचं त्याने ठरवावं. पुढे बुऱ्हाणपूरही त्यानेच वसवलं, नाव दौलताबादच्या सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून. एवढं सगळं हातात असूनही थाळनेर काही डोक्यातून जाईना, शेवटी 1417 मध्ये माळव्याची फौज मदतीला आणून सख्ख्या भावाकडून ते घेतलंच.

त्याचा शेवटही घरगुती भांडणातूनच झाला. मुलगी बिदरच्या बहमनी घरात दिलेली, नवऱ्याने संगमेश्वरच्या राजाची मुलगी आणली आणि हिच्याकडे दुर्लक्ष केलं, तिने माहेरी कळवलं, बाप फौज घेऊन वऱ्हाडात घुसला. रोहणखेडला मार खाल्ला, बहमनी फौजेने बुऱ्हाणपूर लुटलं, हा पळून लळिंगला आला, तिथेही हरला आणि 1437 मध्ये त्या धसक्यानेच गेला म्हणतात. नवीन शहर स्वतः वसवलेलं, पण त्याला पुरलं ते बापाशेजारी थाळनेरला. मुलगा आदिलखान 1441 मध्ये आणि नातू मुबारकखान 1457 मध्ये, तेही तिथेच.

इथले मकबरे बहुतेक चौकोनी, एक अष्टकोनी, आणि नक्षीकाम बघायचं तर त्या अष्टकोनीवर बघा. आत गेल्यावर कबरींच्या वरच्या बाजूकडे लक्ष द्या. मधोमध कलमदानासारखा लांबट उंचवटा असेल तर सहसा पुरुषाची कबर, सपाट पाटीसारखं असेल तर बाईची. सगळ्या उत्तर-दक्षिण, कारण चेहरा पश्चिमेला मक्केकडे वळवायचा असतो.

मुबारकचा मुलगा दुसरा आदिलखान 1501 मध्ये वारला आणि त्याला मात्र बुऱ्हाणपूरला महालाजवळ पुरलं. माझ्या मते राजधानी खऱ्या अर्थाने हलली ती तेव्हा, कारण दरबार कुठेही भरवता येतो, आजा-पणजाला सोडून दुसरीकडे पुरायचं तर नवीन गाव आपलं वाटायला लागतं. नंतरचा सुलतान राजा अलीखान तर पूर्ण बुऱ्हाणपूरचाच, तिथल्या जामा मशिदीत त्याने घराण्याची वंशावळ संस्कृतमध्येही कोरून घेतली. 1597 मध्ये तो मुघलांच्या बाजूने दख्खनी फौजांशी लढताना पडला, आणि चारच वर्षांत, 1601 च्या जानेवारीत, अकबराने आसिरगड घेऊन शेवटच्या बहादूरशाहला ग्वाल्हेरला कैदेत धाडलं.

थाळनेरचा किल्ला पुढे होळकरांकडे गेला. मंदसोरच्या तहात खान्देश इंग्रजांना मिळाला पण किल्ला लगेच हाती येईना, 27 फेब्रुवारी 1818 ला दरवाजात झटापट होऊन दोन इंग्रज अधिकारी मेले, तर जनरल हिस्लॉपने किल्लेदाराला फाशीच दिलं, यावरून विलायतेत पार्लमेंटमध्येही बोललं गेलं. किल्ल्याचं आता फारसं काही उरलं नाही. जाणार असाल तर आधी लळिंग, मग थाळनेर आणि शेवटी बुऱ्हाणपूर असं करा, उलटं केलंत तर बुऱ्हाणपूरनंतर थाळनेर फिकं वाटेल.