मुंग्यांचे दोन सिनेमे: ‘अँट्झ’ कुठला आणि ‘अ बग्ज लाइफ’ कुठला?

माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला ‘तो जाड्या सुरवंट असलेला मुंग्यांचा पिक्चर’ पुन्हा बघायचा होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सीडी भाड्याने मिळायच्या. तिथे जाऊन मी सांगितलं, इंग्लिश कार्टून द्या, मुंग्यांचं. दुकानदाराने मान वर न करता एक सीडी पुढे सरकवली. घरी लावली, तर पहिल्याच प्रसंगात एक तपकिरी मुंगी मानसोपचारतज्ज्ञाच्या कोचावर पडून रडगाणं गात होती: घरात पन्नास लाख भावंडं, त्यात आपण मधले, आपल्याला कोण विचारतंय! भाच्याने दोन मिनिटं वाट बघितली आणि विचारलं, “मावशी, सुरवंट कधी येणार?”

सुरवंट येणार नव्हताच. मी आणला होता ‘अँट्झ’, त्याला हवा होता ‘अ बग्ज लाइफ’. चूक दुकानदाराची कमी आणि माझीच जास्त. पण ती माझ्या एकटीची नव्हे. आजही चार जणांत हा विषय काढून बघा, एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर हमखास खपवली जाते.

तसं होण्याला कारणही आहे. दोन्ही सिनेमे १९९८ सालचे. दोन्ही संपूर्णपणे कॉम्प्युटरवर केलेले. दोन्हींत एक कामकरी मुंगी आहे, ती बाकीच्यांसारखी नाही. दोन्हींत राणी आहे, राणीची मुलगी आहे आणि आपल्या नायकाचा तिच्यावर जीव आहे. दोन्हींत नायक वारूळ सोडून बाहेर जातो, माणसांनी टाकलेल्या कचऱ्यात वसलेली कीटकांची दुनिया बघतो, परत येतो आणि सगळ्यांना वाचवतो. ‘अँट्झ’ अमेरिकेत २ ऑक्टोबरला लागला, ‘अ बग्ज लाइफ’ सगळीकडे लागला २५ नोव्हेंबरला. मध्ये ५४ दिवस. आपल्याकडे २००२ मध्ये भगतसिंगांवरचे दोन हिंदी सिनेमे एकाच दिवशी, ७ जूनला लागले होते, तेव्हा तिकीटखिडकीवर ‘अजयवाला की बॉबीवाला’ असं विचारायची वेळ आली होती. तसंच काहीसं हे. पण भगतसिंग सगळ्यांचे. ते दोघांना एकदम सुचले तर नवल नाही. मुंगी दोघांना एकदम कशी सुचली?

याचं अर्धं उत्तर भांडणात आहे आणि अर्धं यंत्रात.

भांडण आधी सांगते, ते जास्त चविष्ट आहे. जेफ्री कॅट्झनबर्ग १९९४ पर्यंत डिस्नेच्या सिनेमा विभागाचे प्रमुख होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये डिस्नेचे अध्यक्ष फ्रँक वेल्स हेलिकॉप्टर अपघातात गेले. रिकामी झालेली जागा कॅट्झनबर्गना हवी होती. डिस्नेचे सर्वेसर्वा मायकेल आयस्नर यांनी ती दिली नाही. कॅट्झनबर्ग बाहेर पडले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग आणि डेव्हिड गेफन यांच्यासोबत त्यांनी ड्रीमवर्क्स ही सिनेमा कंपनी काढली. पुढे डिस्नेवर आपल्या बोनससाठी खटलाही भरला. म्हणजे भाऊबंदकीच म्हणायची, फक्त बांधावरून नव्हे, कार्टूनवरून.

तिकडे पिक्सार ही कॉम्प्युटरवर कार्टून करणारी कंपनी डिस्नेसाठी सिनेमे करत होती. पिक्सारचे दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांचं म्हणणं असं, की १९९५ मध्ये जुनी ओळख म्हणून आपण कॅट्झनबर्गना भेटलो आणि पुढचा सिनेमा किड्यांवर आहे हे मोकळेपणाने सांगून बसलो. नंतर ड्रीमवर्क्स मुंग्यांवर सिनेमा करतेय हे कळल्यावर त्यांना तो विश्वासघात वाटला. ड्रीमवर्क्सचं म्हणणं, आमची कल्पना आमचीच. खरं-खोटं करत बसण्यात आता हशील नाही. तारखांचा खेळ मात्र उघड्यावर झाला. ड्रीमवर्क्सचा मोठा, हाताने काढलेला ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ नोव्हेंबर १९९८ ला यायचा होता. डिस्नेने नेमका तिथेच ‘अ बग्ज लाइफ’ लावला. मग ‘प्रिन्स’ १८ डिसेंबरला सरकला आणि मार्च १९९९ ला यायचा ‘अँट्झ’ एकदम पाच महिने आधी, ऑक्टोबरात थिएटरात हजर! पिक्सारचे मालक स्टीव्ह जॉब्स यांनी उघड आरोप केला, की आम्ही आमची तारीख हलवली तर ‘अँट्झ’ मागे घेण्याचा देकार कॅट्झनबर्गनी दिला होता. कॅट्झनबर्गनी हा आरोप फेटाळला.

आता यंत्राची बाजू. नोव्हेंबर १९९५ मध्ये आलेला ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्ण कॉम्प्युटरवर केलेला पहिला मोठा सिनेमा. त्यात मुख्य पात्रं खेळणी होती, आणि ते उगाच नव्हतं. त्या काळच्या कॉम्प्युटरला गुळगुळीत, टणक, चकाकणारं काहीही छान जमायचं. माणसाची कातडी, भुरभुरणारे केस, अंगावर हलणारं कापड यांनी मात्र त्याचा घाम निघायचा. मग प्लॅस्टिकच्या खेळण्यांनंतर काय? टणक कवचाचे किडे. दोन हुशार मंडळी एकाच अवजाराने काम करत असतील, तर दोघांचे हात एकाच वस्तूकडे जाणं तितकंसं अशक्य नाही.

ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे हातपाय मोजा. ‘अँट्झ’मधल्या मुंग्यांना सहा हातपाय आहेत, रंग मातकट-तपकिरी आणि चेहरे जरा सुरकुतलेले, माणसासारखे. ‘अ बग्ज लाइफ’मधल्या मुंग्यांना चारच. रंग निळसर-जांभळा, डोळे टपोरे, सगळं कसं बाळसेदार. पिक्सारने मुंगी गोजिरवाणी दिसावी म्हणून शास्त्रातले दोन पाय सरळ छाटून टाकले.

शास्त्राचं निघालंच आहे तर एक गंमत. दोन्ही सिनेमांचे नायक पुरुष आहेत, झी आणि फ्लिक. खऱ्या वारुळात कामकरी मुंग्या सगळ्या माद्या असतात. धान्य वाहणाऱ्या त्या, लढणाऱ्याही त्याच. नरांना पंख असतात, ते मीलनापुरते उडतात आणि लवकरच मरतात. इंग्रजीला याचं काही वाटत नाही, कारण तिथे मुंगीला लिंगच नाही. मराठीत मात्र ‘ती मुंगी’. उद्या कुणी हे सिनेमे मराठीत करायला घेतले, तर पहिल्याच वाक्याला पंचाईत: ‘मी एक साधी मुंगी आहे’ हे पुरुषी आवाजात कसं म्हणवायचं? मुंगळा करावा तर तो काळा, मोठा, चावरा. झी बिचारा तसा अजिबात नाही.

हातपाय मोजायला वेळ नसेल तर दुसरी खूण बघा: शत्रू कुठे आहे? मला विचाराल तर दोन सिनेमांमधला खरा फरक हाच आहे.

‘अँट्झ’मध्ये शत्रू घरात आहे. जनरल मँडिबलला दुबळ्या कामकऱ्यांची घाण वाटते. निवडक सैनिकांची शुद्ध वसाहत उभी करण्यासाठी तो राणीशी एकनिष्ठ सैनिकांना वाळवीशी लढायला पाठवतो, म्हणजे ते परस्पर मरतील. झी सैनिक मित्राशी जागा बदलून राजकन्येला बघायला संचलनात घुसतो आणि त्याच फौजेतून थेट युद्धावर जातो. सगळी पलटण कापली जाते, उरतो तो एकटा. रणांगणावर त्याला बार्बेटस नावाचा साथीदार सापडतो, तोही नुसतं डोकं. धड नाही. ते डोकं मरता मरता त्याला सांगतं, की आयुष्यभर हुकूम पाळत बसू नकोस, स्वतः विचार कर. लहान मुलाशेजारी बसून हे बघताना आपण चुळबुळतो, आणि मी चुळबुळलेच. अमेरिकेत त्याला पालकांनी सोबत बसावं असं प्रमाणपत्र होतं, ते वाजवीच म्हणायचं. नायकाला आवाज वुडी ॲलनचा, त्यामुळे मुंगीसुद्धा न्यूयॉर्कच्या चिंतातुर बुद्धिजीव्यासारखी बोलते.

‘अ बग्ज लाइफ’मध्ये शत्रू बाहेरचा आहे. दरवर्षी टोळांची टोळी येते आणि मुंग्यांनी साठवलेलं धान्य खंडणी म्हणून उचलून नेते. टोळधाड हा शब्द आपल्याला नव्याने शिकायला नको. फ्लिक हा उपद्व्यापी कल्पक कामकरी, त्याच्या यंत्रामुळे खंडणीचा सगळा ढीग पाण्यात जातो. मग तो लढवय्ये शोधायला बाहेर पडतो आणि चुकून सर्कसवाले घेऊन येतो. त्यांत काडीकिडा आहे, शेतकरी ज्याला ढालकिडा म्हणतात तो आहे, आणि भाच्याचा तो जर्मन सुरात बोलणारा खादाड सुरवंटही इथलाच. इसापच्या मुंगी-टोळाच्या कथेत जपानी दिग्दर्शक कुरोसावाचे ‘सेव्हन सामुराय’ मिसळले तर हेच होईल. आपल्याला तर ही गोष्ट आणखी जवळची वाटते. गावात येऊन धान्य उचलणारे डाकू आणि त्यांच्याविरुद्ध बाहेरून आणलेले भाडोत्री म्हटलं, की मराठी माणसाला रामगढ आठवणारच.

यात एक प्रसंग आहे, तो मी मोठी झाल्यावर जास्त आवडीने बघते. टोळांना खायला मुबलक आहे, हवा छान आहे. ते म्हणतात, मुंग्यांकडे परत जायचंच कशाला? त्यांचा म्होरक्या हॉपर एक दाणा उचलून एकाला मारतो. लागलं का? नाही. आणखी एक. लागलं? नाही. मग तो धान्याच्या बाटलीचं बूच काढतो आणि दाण्यांचा लोंढा सुटून ते टोळ त्याखाली गाडले जातात. एक मुंगी उभी राहिली तर काही नाही. त्या आपल्याहून शंभरपट आहेत आणि हे त्यांना कळलं तर आपण संपलो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आयत्या बिळावरचा नागोबा स्वतःच्या तोंडाने बिळाचं गणित सांगतो. लहान मुलांच्या सिनेमात सत्तेचं इतकं सरळ स्पष्टीकरण मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

म्हणून एका सिनेमात मुंगीने कळपातून फुटायचं आहे, दुसऱ्यात कळपाने एक व्हायचं आहे. रांगेकडे दोघे कसे बघतात तेवढं तपासा. ‘अँट्झ’मध्ये नाचघरात शेकडो मुंग्या एकाच ठेक्यावर एकच पाऊल टाकतायत आणि झी मध्येच मनासारखं नाचू लागतो. ‘अ बग्ज लाइफ’च्या सुरुवातीला धान्य वाहणाऱ्या रांगेत एक पान पडतं. पानामागचा मुंगळा जागीच थिजून ओरडू लागतो: रांग कुठे गेली, मी हरवलो! मग त्याला पानाला वळसा घालून पलीकडे न्यावं लागतं. साखरेच्या डब्याकडे चाललेल्या रांगेवर बोट फिरवून आपण सगळ्यांनी हा खेळ केलेला आहे. बोटाने वास पुसला जातो, मागची मुंगी थबकते, गोल गोल फिरते. पिक्सारच्या लोकांनी पाय छाटले, पण हे बरोबर पकडलं.

आणि पाणी. ‘मुंगीला मुताचा पूर’ ही आपली म्हण दोन्ही सिनेमांत अक्षरशः घडते. ‘अँट्झ’मध्ये झी आणि राजकन्या पाण्याच्या एका थेंबात अडकतात आणि आतून हात मारूनही बाहेर येता येत नाही, शेवटी तर अख्खं वारूळ बुडायला लागतं. पाण्याचा हा लोंढा कॉम्प्युटरवर खरा वाटायला लावणं हे त्या वेळी मोठंच काम होतं आणि ड्रीमवर्क्ससाठी ‘अँट्झ’ बनवणाऱ्या पीडीआय या कंपनीने ते केलं. पुढे ‘श्रेक’ही तिथेच झाला. ‘अ बग्ज लाइफ’मध्ये फ्लिक गवताचं पातं गुंडाळतो, टोकाला दवबिंदू बसवतो आणि दुर्बीण तयार. शेवटच्या पाठलागात मात्र तेच पाणी वैरी होतं, पावसाचा एकेक थेंब बॉम्बसारखा जमिनीवर आदळतो. मला विचाराल तर लोंढा ‘अँट्झ’चा भारी आणि थेंब पिक्सारचा.

गल्ल्याचं बोलायचं तर जगभरात ‘अँट्झ’ने सुमारे १७ कोटी डॉलर मिळवले, ‘अ बग्ज लाइफ’ने ३६ कोटींच्या वर. आधी पोचण्याचा फायदा झाला, पण एवढाच.

पुढे मासे घेऊन या दोन कंपन्यांनी पुन्हा तोच प्रकार केला, २००३ चा ‘फाइंडिंग निमो’ आणि २००४ चा ‘शार्क टेल’. त्यात मात्र कुणी फसत नाही.

शेवटची खूण शेवटालाच आहे. ‘अँट्झ’च्या अखेरीस कॅमेरा वारुळातून वर वर जातो आणि दिसतं, की हे सगळं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात चाललं होतं. ‘अ बग्ज लाइफ’मध्ये नावं वर सरकताना ‘शूटिंगमधल्या चुका’ दाखवतात. मुंग्या संवाद विसरतात, खोखो हसतात. कार्टूनमध्ये चुकीचं शूटिंग कुठून येणार? तीही मुद्दाम, वेळ खर्चून बनवलेली.

माझ्या भाच्याला तोच भाग सर्वांत आवडायचा. त्या दिवशी ‘अँट्झ’ संपला, सेंट्रल पार्क येऊन गेलं, नावं सुरू झाली, तरी तो जागचा उठला नाही. काळा पडदा होईपर्यंत बसून राहिला, मुंग्या कधी चुकतात त्याची वाट बघत.