परसातील पतंगांच्या अळ्यांचे निरीक्षण

घराभोवतीच्या झाडाझुडपांवर वाढणारी पतंगाची अळी अंड्यापासून पतंग होईपर्यंत रोज पाहणे आणि तिच्यातील बदल टिपून ठेवणे, असे या छंदाचे आणि अभ्यासपद्धतीचे स्वरूप आहे. विदर्भाच्या खेड्यांत सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, कण्हेर, तगर, सदाफुली, एरंडी, शेवगा ही झाडे सहसा असतातच, आणि पावसाळ्यात कोवळी पालवी फुटली की त्यांवर अळ्या दिसू लागतात. लिंबू व कढीपत्त्यावरील, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी मात्र बहुधा लिंबू फुलपाखराची असते. नवख्यांची येथे हमखास गफलत होते.

सुरुवातीला कण्हेर-तगरीवरील हॉक मॉथ हा पतंग निवडावा. त्याची हिरवी अळी पानांत सहज लपते, म्हणून आधी झाडाखालची जमीन पाहावी. उभ्या खाचा असलेल्या टपोऱ्या लेंड्या पडलेल्या असल्या, तर अळी वरच्याच फांदीवर सापडते. शेपटाकडचे शिंग लहानपणी लांब, बारीक व काळे असते, ते पुढे आखूड आणि पिवळसर होते. छातीवर दोन्ही बाजूंना निळे-पांढरे डोळ्यासारखे ठिपके असून, डिवचल्यास अळी डोके आत ओढते आणि ते ठिपके एकदम ठसठशीत दिसतात. अनेकदा कात टाकून बोटाएवढी झालेली अळी खाणे थांबवते, पाठीवर तपकिरी पडते आणि झाड सोडून खाली उतरते. ही भटकणारी अळी आजारी समजून फेकून देऊ नये, कारण पालापाचोळ्यात किंवा मातीच्या वरच्या थरात कोष करण्याची जागा ती शोधत असते.

घरात पाळायची असल्यास जाळीदार कापड बांधलेल्या बरणीत तळाला ओलसर माती व सुका पाला, आणि रोज त्याच झाडाची ताजी पाने द्यावीत. शेजारच्या कपाशीवर नुकतीच फवारणी झाली असेल, तर बांधालगतची पाने घेऊ नयेत. बरणीत एक खडबडीत काडी उभी ठेवणे आवश्यक आहे, कारण कोषातून निघालेल्या पतंगाला वर चढून लोंबकळायला जागा नसेल तर त्याचे पंख चुरगळलेलेच राहतात. कण्हेरीचा चीक विषारी असल्याने हात धुवावेत. शेवग्याच्या खोडावर दिवसा दाटीने बसणाऱ्या केसाळ सुरवंटांना तर हात लावूच नये. त्यांच्या केसांनी आग व खाज होते.

प्रत्येक अळीचा पतंग होतोच असे नाही. कधी तिच्या अंगावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कोष दिसतात. ते परजीवी गांधीलमाशीचे असतात, आणि हा निरीक्षणातील अपयशाचा नव्हे, उलट नोंदवण्याजोगा भाग आहे.

गडचिरोली-भंडारा भागात हेच निरीक्षण उपजीविकेचे साधन आहे. तेथे टसर रेशमाच्या अळ्या ऐन व अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावरच वाढवतात आणि पाखरांपासून त्यांची राखण करतात. पश्चिमेकडील कापूसपट्ट्यात मात्र गुलाबी बोंडअळीमुळे पतंगाशी वैर आहे. तिची अळी बोंडाच्या आत राहत असल्याने परसातल्यासारखी डोळ्यांदेखत वाढत नाही. फुलातील डोमकळी, म्हणजे पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले फूल, ही तिची पहिली खूण होय. मादीच्या गंधाने नराला ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांत केवळ नर पतंग अडकतात, म्हणून प्रादुर्भाव किती झाला हे ठरवण्यासाठी हिरवी बोंडे फोडून पाहावी लागतात.