कागदावर उलटा अजिंक्यतारा

दाढीचा दुतोंडी गोल आरसा बऱ्याच घरांत असतो. एक बाजू साधी, दुसरी चेहरा मोठा दाखवणारी. ही दुसरी बाजू म्हणजे अंतर्गोल आरसा. साताऱ्यात ज्यांच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो त्यांनी तो एकदा किल्ल्याकडे तोंड करून धरावा. खोलीत अंधार करा, एकच खिडकी उघडी ठेवा आणि आरशासमोर, जरा कडेला, पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद मागेपुढे सरकवा. आरशापासून साधारण अर्ध्या मीटरवर कागदावर एकदम चित्र उमटतं: आभाळ खाली, डोंगर वर, माथ्यावरचा टीव्हीचा मनोरा टोक खाली करून लोंबकळतोय. तेही रंगांसकट! (ऊन थेट आरशावर येत असेल तर हा उद्योग नको. सूर्याचीही अशीच प्रतिमा पडते, जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंद, आणि ती कागद जाळू शकते.)

मनोऱ्याच्या टोकाकडून आलेले किरण आरशाभर पसरून पडतात आणि आरशाची वक्रता त्यांना परत एका बिंदूत गोळा करते. डोंगराच्या प्रत्येक बिंदूचं असंच होतं. वस्तू दूरची असली की किरण जवळजवळ समांतर येतात, म्हणून ते नाभीपाशीच, म्हणजे आरसा समांतर किरण जिथे गोळा करतो त्या बिंदूपाशीच, जुळतात. आपल्या आरशाचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून नाभीपर्यंतचं अंतर, ५० सेंटिमीटर धरू. इथे प्रकाश खरोखर पोचलेला असतो, म्हणून ही वास्तव प्रतिमा. कागद तिला घडवत नाही, फक्त अडवतो. कागद काढून घ्या आणि त्याच रेषेत हातभर मागे सरकून आरशाकडे बघा: डोंगर हवेत तसाच टांगलेला असतो. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोल संशोधन संस्थेच्या दुर्बिणीत २ मीटर व्यासाचा आरसा आहे. त्याचंही मूळ काम हेच, फक्त डोंगराच्या जागी तारे आणि कागदाच्या जागी कॅमेरा.

आता दाढीला बसा. चेहरा २५ सेंटिमीटरवर, म्हणजे नाभीच्या अलीकडे. इतक्या जवळून निघालेले किरण फार पसरट असतात. आरसा त्यांचा पसारा थोडा आवरतो, पण एकत्र आणू शकत नाही. परतलेले किरण मागे वाढवले तर आरशाच्या पाठीमागे ५० सेंटिमीटरवर मिळाल्यासारखे वाटतात. तिथे दुप्पट मोठा, सुलटा चेहरा ‘असतो’, पण प्रत्यक्षात तिथे भिंत असते आणि प्रकाशाचा कणही पोचलेला नसतो. कागद लावा, काही मिळणार नाही. ही आभासी प्रतिमा. मग ती दिसते कशी? कारण डोळ्यातलं भिंग त्या पसरत्या किरणांना दृष्टिपटलावर गोळा करतं.

खरी गंमत मधल्या टापूत आहे, आणि शाळेतला तक्ता तिच्याबद्दल गप्प असतो. वस्तू नाभीपलीकडे गेली की प्रतिमा उलटी, एवढं पाठ असतं. म्हणून आरशासमोरून मागे सरकत ५० सेंटिमीटर ओलांडले की आपला चेहरा उलटा दिसेल असं वाटतं. तसं होत नाही. ७५ सेंटिमीटरवर उभे राहिलात तर तुमची वास्तव, उलटी प्रतिमा आरशापासून दीड मीटरवर, म्हणजे तुमच्याच पाठीमागे तयार व्हायला निघालेली असते. किरण जुळण्याआधीच मध्ये तुमचा डोळा येतो, आणि दिसतो तो सुलटाच पण धूसर, फुगलेला चेहरा. १ मीटरवर सगळा आरसा नुसता गढूळ होतो. तिथून आणखी मागे गेलात की मगच चेहरा उलटा होतो. २ मीटरवर प्रतिमा तुमच्या आणि आरशाच्या मध्ये, आरशापासून ६७ सेंटिमीटरवर असते आणि चेहरा एक तृतीयांश. तक्ता प्रतिमा कुठे आहे ते सांगतो, बघणारा डोळा कुठे आहे ते विचारत नाही.

बहिर्गोल आरशात ही भानगडच नाही. तो समोरच्या वस्तूचे किरण आणखी पसरवतो, त्यामुळे तिची प्रतिमा कायम आभासी, सुलटी आणि लहान. यवतेश्वरचा घाट चढताना गाडीच्या बाजूच्या आरशात मागचा रस्ता ऐसपैस दिसतो तो यामुळेच. समजा त्या आरशाचं नाभीय अंतर १ मीटर आहे आणि ३० मीटर मागे ट्रक आहे. ट्रकची प्रतिमा काचेमागे ९७ सेंटिमीटरवर असते, पण ३१ पट लहान. आणि ओळखीच्या वस्तूचं अंतर आपण तिच्या आकारावरून जोखतो. म्हणून ट्रक आहे त्याहून लांब वाटतो. गाडी बाजूला घेण्याआधी मधल्या सपाट आरशात तोच ट्रक बघा, केवढा मोठा दिसतो ते.