व्हॉल्व्ह अँपच्या दुरुस्तीमागची रेडिओवाल्यांची रीत

व्हॉल्व्ह अँप म्हणजे विजेच्या गिटारचा आवाज मोठा करणारं, काचेच्या निर्वात नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारं यंत्र. जुन्या व्हॉल्व्ह अँपचा मागचा फळा काढायचा, अँप चालू करून आवाज वाढवायचा आणि लाकडी काडीने एकेका व्हॉल्व्हला, एकेका जोडाला हलकेच टिचकी मारत जायचं. स्पीकर जिथे खरखरला, तिथे दुखणं. ही रीत गिटारवाल्यांची नव्हे, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची. त्यात नवल नाही, कारण यातले सर्वांत गाजलेले अँप एका रेडिओवाल्याच्याच हातचे.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडरने १९३८ मध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. त्याआधी तो हिशेबनीस होता, आणि गिटार वाजवायला तो आयुष्यभर शिकला नाही. विजेची गिटार आणि तिचे अँप १९३०च्या दशकातच बाजारात आले होते. पण दुरुस्तीला आलेल्या वस्तू रोज उघडणाऱ्या माणसाने स्वतःचा अँप बांधला, तेव्हा तो पुन्हा उघडावा लागणार हे धरूनच बांधला. व्हॉल्व्ह सॉकेटमधून उपटता येतात, आणि बहुतेक रेझिस्टर (वीज अडवणारे) नि कपॅसिटर (वीज साठवणारे) एका फायबरच्या पट्टीवर ओळीने मांडलेले असतात. सर्किटंही बरीचशी व्हॉल्व्ह कंपन्या आपल्या पुस्तिकांत छापत त्या नमुन्यांच्या वळणाची.

लंडनमध्ये ड्रमवादक जिम मार्शल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६२ च्या सुमारास फेंडरच्या 'बासमन'वरूनच आपला पहिला अँप बेतला. बासमन बास गिटारसाठी होता, पण तो डोक्यावर घेतला साध्या गिटारवाल्यांनी. सर्किटाचं मूळ एकच असल्याने एक अँप नीट समजलेल्या कारागिराला दुसरा परका वाटत नाही.

बिघाड मात्र वयाचे. सगळ्यात आधी म्हातारे होतात ते वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ते आतून सुकले की अँप गुणगुणायला लागतो, आणि ही गुणगुण नीट ऐकण्यासारखी असते. ती विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट, म्हणजे १०० किंवा १२० हर्ट्झची असेल तर बहुधा हाच कपॅसिटर (फिल्टर कपॅसिटर) गेला. ५० किंवा ६० हर्ट्झची, जरा खालच्या सुराची असेल तर व्हॉल्व्हच्या हीटरकडे (आतल्या तापणाऱ्या तारेकडे) किंवा अर्थिंगकडे बघायचं. वर्षानुवर्षं पडून राहिलेला अँप थेट प्लगला लावणं हा उतावीळपणा. आधी एक साधा, तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे अँपला जाणारी वीज त्यातूनच जाईल असा जोडायचा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे.

आवाज वाढवणाऱ्या दोन टप्प्यांमधला कपॅसिटर गळका झाला तर वेगळंच दृश्य दिसतं. मागच्या टप्प्याचा डीसी पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (प्रवाहाला आवर घालणाऱ्या जाळीवर) झिरपतो आणि पॉवर व्हॉल्व्हचा धातूचा पत्रा लाल तापतो. तेव्हा बटण लगेच बंद! आणि बंद केल्यावरही हात घालायचा नाही, कारण कपॅसिटरमध्ये चारशेच्या आसपास व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवायचे, मीटरने खात्री करायची, मगच सोल्डरिंग.

व्हॉल्व्हचीही एक गोष्ट आहे. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढच्या काही दशकांत अमेरिका-ब्रिटनमधले मोठे व्हॉल्व्ह कारखाने एकामागून एक बंद पडले. सोव्हिएत संघ, पूर्व युरोप आणि चीन इथे उत्पादन चालू राहिलं, म्हणून आज नव्या व्हॉल्व्हच्या खोक्यावर बहुधा रशिया, स्लोव्हाकिया किंवा चीनचं नाव दिसतं.

त्या काळाचा एक वारसा मात्र बिनकामाचा. जुन्या अमेरिकन अँपना दोन पिनांची वायर असे, अर्थिंग नसे. गुणगुण कमी करायला विजेची एक तार आणि चॅसिस (अँपचा धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये एक कपॅसिटर टाकलेला असे. कारागीर त्याला 'डेथ कॅप' म्हणतात. तो आतून शॉर्ट झाला आणि नेमकी फेजची बाजू त्याच्याकडे असली, की चॅसिसमध्ये वीज उतरते. केबलच्या जाळीतून ती वीज गिटारच्या तारांवर येते आणि माइकला ओठ लागताच सर्किट वादकाच्या अंगातून पुरं होतं. तीन पिनांची वायर बसवून हा कपॅसिटर काढून टाकावा, यात माझ्या मते चर्चेला जागाच नाही. 'सगळे भाग मूळचे' हा ज्यांना मोठेपणा वाटतो, त्यांच्यासाठी मी तो पिशवीत घालून अँपच्या खोक्याच्या आत चिकटवून देतो.