दुरुस्ती साठवण्याआधी की नंतर? भूकंपनोंदींच्या गुणवत्ता-डेटाबेसची पार्श्वभूमी

भूकंपनोंद वापरण्याजोगी आहे की नाही, हे पूर्वी केंद्रावरचा माणूस कागद बघून ठरवायचा. १९६० च्या दशकात जगभर एकसारखी उपकरणे बसवून प्रमाणित जाळे उभे राहिले. तेव्हा फोटोग्राफिक कागदावरच घड्याळाची चूक, उपकरणाचे विवर्धन वगैरे टिपलेले असे. नोंद आणि शेरा एकाच कागदावर, म्हणून दोघांची फारकत होत नसे.

डिजिटल नोंदींनी ती केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी सीड हे फाइल-स्वरूप आले. त्यात प्रत्येक रेकॉर्डच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीत) गुणवत्तेचा एक बाइट आहे, म्हणजे आठ दोषांसाठी आठ बिट: सिग्नल छाटला गेला, स्पाइक आला, वेळ संशयास्पद आहे, इत्यादी. पण बिट शून्य असेल तर दोष नाही असे समजायचे, की कोणी तपासलेच नाही? नुसत्या बाइटवरून ते कळत नाही. त्यामुळे मोजमाप डेटा-केंद्रानेच करायचे आणि वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवायचे, ही दिशा पक्की होत गेली.

साध्या मोजमापांचा प्रश्न अवघड नव्हता. उपलब्धतेची टक्केवारी, गॅपची (नोंदीतल्या खंडांची) संख्या, आरएमएस (सिग्नलची सरासरी तीव्रता) यांसाठी दर चॅनेलला (सेन्सरच्या एकेका नोंदप्रवाहाला) दर दिवशी एकेक आकडा. चॅनेल, दिवस, मोजमापाचे नाव, मूल्य असे उभे टेबल केले की नवे मोजमाप आले तरी कॉलम वाढवावा लागत नाही. खड्डा होता तो लोकेशन कोडमध्ये, म्हणजे एकाच केंद्रावरची उपकरणे वेगळी ओळखण्याच्या खुणेत. सीडमध्ये तो दोन अक्षरांचा असतो आणि पुष्कळ केंद्रांवर कोराच असतो. कोरा म्हणजे दोन स्पेस, रिकामी स्ट्रिंग की नल (मूल्यच नाही अशी खूण)? नल ठेवला तर बहुतेक डेटाबेसमध्ये युनिक की (एकच रो दोनदा येऊ न देणारी अट) कामच करत नाही, आणि एकाच दिवसाच्या दोन रो बिनबोभाट आत शिरतात. कोऱ्या कोडच्या जागी दोन डॅश लिहिण्याची पद्धत रुळली आहे, ती उगाच नाही.

खरा वाद पेटला तो पार्श्वगोंगाटाच्या, म्हणजे भूकंप नसतानाही चालू असलेल्या कंपनांच्या, वर्णपटावर. १९९३ मध्ये ७५ केंद्रांच्या नोंदींवरून किमान आणि कमाल गोंगाटाचे दोन संदर्भवक्र निघाले. २००४ च्या पद्धतीने त्यापुढची पायरी गाठली: तासाभराचे, निम्मे एकमेकांवर चढलेले तुकडे घ्यायचे, प्रत्येकाचा शक्ती-वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती शक्ती) काढायचा आणि एकेक डेसिबलच्या खणांत मोजणी करायची. भूकंप किंवा बिघाड निवडून वगळायचे नाहीत. ते क्वचित घडतात, म्हणून त्यांची संभाव्यताच कमी दिसते. ही कल्पना फार मोलाची आहे.

आता साठवायचे काय? खणांतली मोजणी आटोपशीर असते, आणि सुरुवातीचा ओढा तिकडेच होता. सुटे वर्णपट ठेवायचे तर एका चॅनेलचे दिवसाला ४७ होतात. हजार चॅनेलचे वर्षाला सुमारे १ कोटी ७१ लाख. तरीही सुटेच ठेवावेत, आणि उपकरणाच्या रिस्पॉन्सची (कोणत्या वारंवारतेला ते सिग्नल किती वाढवते त्याची) दुरुस्ती न करता ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. कारण मेटाडेटा, म्हणजे उपकरणाविषयीची माहिती, मागाहून बदलतो. गेन (विवर्धन) दुपटीने चुकला तर अख्खा वक्र ६ डेसिबलने सरकतो. तेवढे मोजणीतही सरकवून भागते. पण सेन्सर बदलल्याची तारीखच चुकली असेल, तर कोणते तास जुन्या सेन्सरचे आणि कोणते नव्याचे, हे मोजणीतून वेगळे काढता येत नाही. मूळ सिग्नलपासून सगळे पुन्हा मोजावे लागते. कच्चे वर्णपट हाताशी असले, की विचारणा येईल तेव्हा त्या क्षणीचा रिस्पॉन्स लावता येतो.

विरोधकांचा मुद्दा असा, की मग उत्तर उशिरा मिळते आणि आज दिलेला आकडा उद्या बदलू शकतो. संशोधकाने नेमका कोणता उद्धृत करायचा? मुद्दा रास्त आहे. पण आकडा गोठवून ठेवला तर चूकही त्याच्यासोबत गोठते. त्यापेक्षा गणनेची वेळ आणि वापरलेला रिस्पॉन्स उत्तरासोबत देणे बरे. राहिला वेगाचा प्रश्न. दर वारंवारतेला एक रो न करता पूर्ण वर्णपट एकाच रोमध्ये अ‍ॅरे म्हणून बांधला, की तो बराच सुटतो.

पुढच्या घडामोडी याच ताणातून आल्या. टेलिमेट्री (केंद्रावरून डेटा पाठवणारा दुवा) तुटल्यामुळे राहिलेला डेटा आठवड्यांनी येतो, उपलब्धता बदलते, म्हणून फेरगणना हे नित्याचे काम झाले. युरोपात काहींनी उभ्या टेबलांऐवजी दस्तऐवजी डेटाबेस (प्रत्येक नोंद स्वतंत्र दस्तऐवज म्हणून ठेवणारा) निवडला. मिनीसीडच्या (सीडच्या फक्त नोंदी ठेवणाऱ्या रूपाच्या) तिसऱ्या आवृत्तीत हेडरमधले गुणवत्तेचे जुने अक्षर जाऊन प्रकाशन-क्रमांक आला. एक गुंता मात्र कच्च्या वर्णपटांनीही सुटत नाही: चॅनेल मृत आहे का, किती टक्के वेळ गोंगाट किमान वक्राच्या खाली गेला, ही मोजमापे दुरुस्त वर्णपटावरूनच निघतात आणि एकेरी आकडा म्हणून साठतात. मेटाडेटा बदलला की ती शिळी होतात. म्हणून प्रत्येक मोजमाप रिस्पॉन्सवर अवलंबून आहे की नाही हे सांगणारा कॉलम पहिल्या आराखड्यातच हवा. तो नसला तर काय काय पुन्हा मोजायचे ते डेटाबेसला विचारता येत नाही.